किल्ल्याचं सामान परसातच!

दिवाळीआधी रत्नागिरीतल्या अंगणात चिखल कालवणारी पोरं आणि युरोपात टेबलावर इंचभर उंचीचे सैनिक लढवणारे हौशी लोक, दोघांचा छंद एकच. दोघांनाही डोंगर हवा, तटबंदी हवी, झाडी हवी आणि बघणाऱ्याला ते खरं वाटायला हवं. तिकडे मात्र पाकिटं फोडावी लागतात. कोकणात त्यातलं निम्मं सामान परसात पडलेलं असतं.

गवतच घ्या. परदेशी हौशी मंडळी नायलॉनचे बारीक तंतू हजारो व्होल्टच्या यंत्रातून गोंदावर पाडतात. विद्युतभारामुळे प्रत्येक तंतू उभाच चिकटतो. आपल्याकडे त्या कामाला आळीव! भिजला की त्याच्या बीभोवती बुळबुळीत थर धरतो आणि बी उभ्या उतारालाही चिकटून बसतं. तिथे नाचणी घरंगळते, आळीव हलत नाही. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. पाणी तांब्याने ओतू नका, हाताने शिंपडा, नाहीतर डोंगर वाहून जाईल.

लाल माती सुकताना आक्रसते आणि तडकते. म्हणून चिखलात पेंढ्याचे बारीक तुकडे किंवा शेण घालतात. त्यातले तंतू माती धरून ठेवतात. पावसाळ्यानंतर अंगण ज्या चोपण्याने चोपतात, तेच चोपणं किल्ल्याच्या पायथ्याची सपाटी करायला उत्तम.

झाडांसाठी नारळाचं सोडण सोलून काथ्या काढा. बारीक तारेला दुमड घालून मधे काथ्याचे तुकडे आडवे पसरा आणि तार पिळा. तंतू चहूबाजूंनी फिरकीसारखे उभे राहतात. मग कात्रीने वर निमुळता, खाली रुंद असा आकार द्या, हिरवा रंग लावा. भाट्याच्या किनाऱ्यावरचं सुरूचं झाड तयार! परदेशातही छोटे सूचिपर्णी वृक्ष याच रीतीने करतात. वापरलेली चहापत्ती धुऊन खडखडीत वाळवली की झाडाखालचा पाचोळाही झाला.

आता जांभा. फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये मलबारातल्या या दगडाचं वर्णन केलं: जमिनीत असताना हत्याराने सहज कापता येतो, हवा लागली की टणक होतो. त्याची खडबडीत, भोकाभोकांची भिंत थर्माकोलवर हुबेहूब उतरते. अॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा दाबत फिरवायचा, मग टूथपिकने वेडीवाकडी भोकं पाडायची. आधी गडद तपकिरी रंग सगळीकडे. तो वाळला की चपट्या जुन्या ब्रशला विटकरी रंग लावून कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि कोरडाच ब्रश वरवर फिरवा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, भोकं काळपट राहतात. ही युक्ती साधली की निम्मा किल्ला जिंकला.

स्प्रेचा रंग मात्र थर्माकोलवर मारू नका. त्यातलं द्रावक थर्माकोल खाऊन टाकतं. मारायचाच असेल तर आधी फेविकोलचा हात द्यावा. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, तेव्हा नवा आणण्यापेक्षा पुठ्ठा बरा. फेविकोलमध्ये बुडवलेल्या वर्तमानपत्राचे थर त्यावर चढवले की डोंगर चांगला मजबूत होतो. फेविकोल बाजारात आला १९५९ मध्ये. त्यातलं पॉलिव्हिनाइल अॅसिटेट जर्मनीच्या फ्रिट्झ क्लाट्टेने १९१२ मध्ये शोधलं. टेबलावर लढाया मांडण्याची हौस त्याहून जुनी: त्या वर्षी प्रशियाच्या राजाला युद्धखेळाचं टेबल मिळून १०० वर्षं झाली होती! रायस्विट्झ नावाच्या गृहस्थाने आधी वाळूत खेळवलेला तो खेळ राजासाठी प्लास्टरच्या फरश्यांवर मांडला होता. फरश्या हव्या तशा जुळवून नवी रणभूमी करता येई. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तो नकाशावर आणला.

प्रमाणाचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या अंगणात मावळा बुरुजाएवढा असतो. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६८ पासून तटबंदीच्या शहरांची लाकूड, कागद आणि रेशमाची मॉडेलं करवली, त्यांचं प्रमाण बहुधा ६०० ला १. आपला रत्नागिरीचा रत्नदुर्ग सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब. लुईच्या प्रमाणात तो सात फुटांत मावतो, पण माणूस तीन मिलिमीटरांहून कमी! २८ मिलिमीटरचा, खेळाडूंचा आवडता सैनिक धरला तर प्रमाण साधारण ६० ला १ आणि रत्नदुर्ग सत्तर फुटांच्या घरात. म्हणून अख्खा गड न करता एखादा दरवाजा, दोन बुरुज आणि मधला तट नीट करावा असं मी आग्रहाने सांगेन.

वाळूही घरचीच: रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज असतं. रंगाच्या डब्यातला पांढराशुभ्र टायटॅनियम डायऑक्साइड अशाच काळ्या खनिजापासून मिळतो. मॉडेलवर समुद्राची वाळू वापरायची तर दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर ते ओल धरतं आणि गोंद सुटतो. लाटांसाठी टिश्यू पेपर फेविकोलच्या पाण्यात भिजवून चुण्या पाडत पसरा. वाळल्यावर निळा-हिरवा रंग, कडांना पांढरा.

यंदा कुणी सुवर्णदुर्ग करावा. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या १२ किल्ल्यांपैकी आपल्या जिल्ह्यातला हा एकच. चारी बाजूंनी पाणी, समोर हर्णैच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. सुवर्णदुर्गाच्या पूर्वेच्या दरवाजापाशी मारुती आहे, पायरीवर कासव कोरलेलं आहे. कासव करायला एम-सील घ्या: दोन्ही भाग एकरंगी होईपर्यंत मळा, बोटं आणि टाचणी पाण्यात बुडवत राहा म्हणजे ते चिकटत नाही, आणि घट्ट व्हायच्या आत पाठीवरच्या रेघा ओढून घ्या.