घमेल्याची पाठ

पुण्याच्या जुन्या बाजारात परवा एक लोखंडी घमेलं मिळालं. काठ झिजून पातळ झालेला, तळाला सिमेंटचा कडक पापुद्रा. उपडं करून हातावर धरलं आणि त्यात बगळ्याची पाठ दिसली. बाकीचं सामान घरी होतंच: सायकलचा पुढचा चिमटा, एक वाकडं हँडल, शिंप्याची मोठी कात्री.

चिमट्याचे पाय मी चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये पाहिले होते. नेकचंद सैनी सरकारी नोकरीत रस्ते निरीक्षक. शहर वसवताना जी गावं पाडली, त्यांच्या ढिगाऱ्यातून ते सायकलवर सामान आणत आणि जंगलात गुपचूप मूर्ती घडवत. 1976 मध्ये ती बाग लोकांना खुली झाली. सायकलचे चिमटे त्यांच्याकडे पाय होत. फुटक्या बांगड्या ल्यालेल्या तिथल्या बायकांसमोरून माझा पाय निघत नव्हता. कारण ते काकण कुणाच्या तरी मनगटावर वाजलेलं होतं, आणि मूर्ती झाल्यावरही काकणच राहिलं होतं.

वेल्डिंगला बसलं की घाई चालत नाही. हँडलवरचा चमकता मुलामा आधी ग्राइंडरनं उतरवायचा. तसाच जाळला तर धूर छातीला घातक. घमेल्याचा पत्रा पातळ, करंट जरा जास्त झाला की भोक. म्हणून एक टाका इकडे, एक समोरच्या बाजूला, मध्ये पत्रा निवू द्यायचा. सलग ओढत गेलं तर पत्रा तापून वेडावाकडा होतो आणि पाखराची पाठ पिळवटते. माझी दोनदा पिळवटली. टाके कापून पुन्हा बसलो.

हँडलची मान लांब, त्यात कात्रीची चोच, सगळा भार पुढे. उभा केला की बगळा तोंडावर येई. शेवटी आईच्या जात्याची खालची तळी आणली. लोखंडी पट्टी तिच्या मधल्या भोकातून बोल्टनं आवळली, पट्टीवर सायकलचा एक्सल जोडला आणि चिमट्याच्या खाचा त्यात नटांनी कसल्या. मग उभा राहिला.

रंग लावावासा वाटला नाही. पापुद्राही खरवडला नाही. त्याखाली कुणाच्या तरी डोक्यावरून गेलेल्या किती खेपा असतील. गंज वाढू नये म्हणून फक्त जवसाचं तेल चोळलं.

संध्याकाळी शेजारच्या बांधकामावरच्या मावशी आल्या. चोचीकडे पाहिलंही नाही. पाठीवर हात ठेवला, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "उजवीकडून झिजलंय. डावखुऱ्या बाईचं असणार."