नकारांची रात्रपाळी

अमेरिकेत एखाद्या बाईंचं पित्ताशय काढलं जातं आणि त्या शस्त्रक्रियेचे पैसे सुटावेत म्हणून ऐरोलीच्या एका ऑफिसात रात्री दोन वाजता कुणीतरी फोन लावत बसलेलं असतं. हे काम मी काही वर्षं केलं. त्याला ‘एआर कॉलिंग’ म्हणतात. तिकडचं हॉस्पिटल विमा कंपनीला बिल पाठवतं, कंपनी ते नाकारते किंवा अडकवून ठेवते, आणि हॉस्पिटलच्या वतीने तिच्या मागे लागायचं काम नवी मुंबई, पुणे, चेन्नई, हैदराबादकडे येतं. पदवी कुठलीही चालते. इंग्रजी बरं हवं आणि रात्र जागायची तयारी हवी.

त्या कामातून माझं एक मत पक्कं झालं. आजारपणाचे पैसे देणारा देशात एकच असावा आणि तो सरकार असावा. याला ‘सिंगल पेअर’ पद्धत म्हणतात. हे मत मी पुस्तकं वाचून नाही, नाकारलेली बिलं वाचून बनवलं आहे.

नकारांना कोड असतात आणि ते आम्हाला तोंडपाठ होते. सीओ 29 म्हणजे बिल मुदतीत आलं नाही. सीओ 50 म्हणजे कंपनीच्या मते उपचारांची वैद्यकीय गरजच नव्हती. सीओ 197 म्हणजे आधी परवानगी घेतली नव्हती. आणि सीओ 27 म्हणजे उपचार झाले तेव्हा पॉलिसी संपलेली होती. हा शेवटचा कोड मला सगळ्यात क्रूर वाटायचा. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांचा विमा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की विमा जातो, म्हणजे माणूस सर्वात अडचणीत असतो नेमका तेव्हा.

एक फोन कसा चालायचा ते सांगते. समजा सीओ 197 आहे. रुग्ण पोटदुखीने तळमळत इमर्जन्सीत आलेली, ऑपरेशन त्याच रात्री झालेलं. परवानगी कधी घेणार? पण कंपनीच्या संगणकाला तो रकाना रिकामा दिसतो. मी फोन लावायचा, मशीनची बटणं दाबत पुढं जायचं, मग होल्डवरचं संगीत ऐकत बसायचं. माणूस मिळाला की हॉस्पिटलचा टॅक्स आयडी, रुग्णाचा मेंबर आयडी, जन्मतारीख, उपचाराची तारीख, बिलाची रक्कम, हे सगळं ओळीने सांगायचं. पलीकडची मुलगी कित्येकदा फिलिपीन्सची असायची. तीही रात्र जागत होती, तिच्याही डोक्यावर टार्गेट होतं. ती म्हणायची, वैद्यकीय कागदपत्रं फॅक्स करा, अपील करा, तीस ते पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा चौकशी करा. मी कॉल रेफरन्स नंबर लिहून घ्यायची, नोट टाकायची आणि पुढचा क्लेम उघडायची. दीड महिन्याने तोच क्लेम पुन्हा कुणाच्या तरी स्क्रीनवर.

आता हिशोब बघा. माझा पगार हॉस्पिटलच्या पैशातून, म्हणजे अखेरीस रुग्णाच्या बिलातून. तिचा पगार विमा कंपनीच्या पैशातून, म्हणजे रुग्णाच्या हप्त्यातून. त्या बाईंच्या पैशावर दोन बाजूंनी दोन माणसं नेमली होती आणि दोघींपैकी कुणाचाही त्यांना साधी नाडी बघण्याइतकाही उपयोग झाला नाही. आमच्या वर टीम लीडर, ऑडिटर, कोडिंगवाले, कंपनीच्या बाजूलाही तसाच डोलारा.

स्टेफनी वूलहँडलर आणि डेव्हिड हिमेलस्टाइन या अमेरिकी डॉक्टरांनी हा खर्च मोजला. त्यांच्या 2020 सालच्या अभ्यासानुसार अमेरिकेच्या आरोग्यखर्चापैकी सुमारे 34 टक्के पैसा कारभारावर जातो. कॅनडात हे प्रमाण सुमारे 17 टक्के आहे. अमेरिका आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 17 टक्क्यांहून जास्त खर्च करते, तरीही 2023 साली तिथे सुमारे अडीच कोटी लोकांकडे विमा नव्हता आणि सरासरी आयुर्मान कॅनडापेक्षा कमी होतं. त्याच वर्षी, सरकारी विमा-बाजारातून घेतलेल्या पॉलिस्यांमध्ये, नेटवर्कमधल्याच डॉक्टर-हॉस्पिटलांचे 19 टक्के क्लेम नाकारले गेले. त्यावर अपील झालं ते 1 टक्क्याहून कमी नकारांवर. बाकीचे गप्प बसतात, कारण आजारी माणसात भांडायची ताकद नसते. नकार परवडतो तो यामुळेच.

कॅनडा हा अमेरिकेचा शेजारी देश. माझी मावसबहीण मिसिसागाला असते. तिचं बाळंतपण सिझेरियनने झालं. दारात हेल्थ कार्ड दाखवलं, तेवढंच. बिल म्हणून हॉस्पिटलने काही दिलंच नाही. पैसे गेले ते पार्किंगला. मला तिला दहादा विचारावं लागलं, इतकी मी बिलांच्या जगात मुरले होते. तिथे बरेचसे डॉक्टर सरकारी नोकर नसतात, स्वतःची प्रॅक्टिस चालवतात. फक्त बिल पाठवायची जागा एकच, प्रांताचं सरकार. आणि हॉस्पिटलला मुख्यतः वर्षाचं ठोक बजेट मिळतं, त्यामुळे प्रत्येक इंजेक्शनचं आणि टाक्याचं वेगळं बिल बनवावंच लागत नाही. कारभारातली मोठी बचत इथे होते. सिंगल पेअर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गळक्या छताचा सरकारी दवाखाना येतो, म्हणून हे सांगणं गरजेचं वाटलं.

हे सहज घडलं नाही. कॅनडात या पद्धतीची सुरुवात ज्याने केली, तो टॉमी डग्लस लहान असताना त्याच्या पायाच्या हाडात संसर्ग झाला होता. घरची गरिबी. पाय कापायची वेळ आली होती, तेव्हा विनिपेगच्या एका सर्जनने विद्यार्थ्यांना शिकवायला मिळावं म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. एखाद्या मुलाचा पाय डॉक्टरच्या मर्जीवर का अवलंबून असावा, हा प्रश्न त्याने सोडला नाही. 1944 साली तो सस्कॅचवान या शेतकऱ्यांच्या प्रांताचा प्रमुख झाला, 1947 साली हॉस्पिटलचा खर्च प्रांताने उचलला. डॉक्टरांच्या फीसकट पूर्ण योजना 1 जुलै 1962 ला सुरू झाली, तोवर डग्लस राष्ट्रीय राजकारणात गेला होता आणि सूत्रं वुड्रो लॉइड यांच्याकडे होती. त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले. तेवीस दिवस संप चालला. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणले, मागे हटलं नाही. दहा वर्षांत, 1972 पर्यंत, सगळ्या प्रांतांत ही पद्धत आली.

तिथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. मावसबहिणीच्या सासूबाईंनी गुडघा बदलायला कित्येक महिने वाट पाहिली, दुखणं सोसत. दात, चष्मा आणि घरी घ्यायची औषधं मूळ योजनेत नव्हतीच. त्यासाठी अलीकडे कुठे पावलं पडू लागली आहेत. पण त्या रांगेत सगळे उभे असतात, आणि खर्चाच्या धास्तीने कुणी रांगेतून परत जात नाही. खाटा, डॉक्टर वाढवले की रांग कमी होते. सीओ 27 वर तसा इलाज नाही. तैवानने 1995 साली एकच राष्ट्रीय विमा आणला आणि वर्षभरात नव्वद टक्क्यांहून जास्त लोक त्यात आले. तिथे कॅनडासारख्या लांब रांगाही नाहीत.

कर वाढतील, असं म्हणतात. वाढतीलच. पण 2024 साली अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता 25 हजार डॉलरच्या वर होता. मालक भरतो तो वाटाही कामगाराच्या पगारातूनच वजा झालेला असतो. तो हप्ता गेला आणि कर आला, तर बहुतेक घरांच्या हाती पैसे उरतात. माझ्यासारख्यांची नोकरी जाईल, हेही खरं. जाऊ दे. त्या हुशार मुलामुलींना करण्याजोगी इतर कामं पुष्कळ आहेत.

हे सगळं आपण दुरून बघत बसावं अशी स्थिती आता नाही. आपल्याकडेही मोठ्या हॉस्पिटलांच्या तळमजल्यावर ‘कॅशलेस’ची खिडकी असते; तिथे नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी मंजुरीची वाट बघत ताटकळतात, आणि नकाराच्या पत्रात मला माझे जुने कोड दिसतात, फक्त नंबर नसतात. फुले योजना आणि आयुष्मान आता एकत्र चालतात, पण शेजारी कामगारांची ईएसआय वेगळी, केंद्राच्या कर्मचाऱ्यांची सीजीएचएस वेगळी, खासगी पॉलिस्या तर असंख्य. प्रत्येकीची यादी निराळी, दर निराळे, नियम निराळे. आणि इतकं असूनही 2021-22 मध्ये देशाच्या आरोग्यखर्चाचा सुमारे 39 टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला.

पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांना मुकू नये, हे तत्त्व या देशाला कागदावर मिळालं ते 1946 साली, जोसेफ भोर यांच्या समितीच्या अहवालात. भोर आपल्या नाशिकचे. डग्लसचा प्रांत आणि भोर समिती एकाच काळात एकाच दिशेने विचार करत होते. तिकडे अंमल झाला, इकडे अहवाल राहिला. पुढच्या निवडणुकीत कुणी मत मागायला दारात आलं तर नवी योजना कोणती आणणार हे विचारू नका. आहेत त्या सगळ्या योजना एक कधी करणार, ते विचारा.