घरच्या भिंगातून कपाशीचे पान



ज्याने उभे आयुष्य मजुरांच्या सभा भरविण्यात घालविले, त्याने छायाचित्रणावर बोलावे, हे आपणांस चमत्कारिक वाटेल. माझी शाळा सातवीलाच सुटली. पण बारीक वस्तू मोठी करून टिपण्याचा हा नाद मला कामातूनच लागला.

आपला बुलढाणा जिल्हा कपाशी-सोयाबीनचा. कपाशीवर मावा येतो, तुडतुडे येतात, फुलकिडे येतात. पानाखाली काहीतरी पांढरे दिसले की फवारणी सुरू होते, आणि पंप असतो मजुराच्या पाठीवर. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. तेव्हापासून मनात प्रश्न घर करून बसला : ज्यासाठी विष मारावयाचे, ते आपण नीट पाहिले तरी आहे काय?

मोबाइलने पान अगदी जवळून टिपू गेले तर चित्र धूसर येते. कारण साधे आहे. ठराविक अंतरापेक्षा जवळच्या वस्तूचे किरण इतके फाकलेले असतात की मोबाइलच्या भिंगाला ते एकत्र आणता येत नाहीत. मध्ये दुसरे बहिर्गोल भिंग ठेवले म्हणजे ते किरण समांतर होतात आणि मोबाइलला वस्तू जणू दूरचीच वाटते. घड्याळजीचे दहापट भिंग याला उत्तम. त्याचे नाभ्यंतर सुमारे अडीच सेंटीमीटर, म्हणून पान तेवढ्याच अंतरावर ठेवावे. भिंग नसेल तर मोबाइलच्या भिंगावर पाण्याचा लहानसा थेंब ठेवून मोबाइल अलगद उलटा करावा. थेंब हेच बहिर्गोल भिंग. मात्र तो लवकर सुकतो आणि थरथरतो.

आता बैठक. हातात मोबाइल धरून हे काम होत नाही, कारण स्पष्ट दिसणारा थर मिलिमीटरहूनही पातळ असतो. दोन विटांवर काच टाकावी, काचेवर मोबाइल ठेवावा, खाली आगपेट्यांवर पान ठेवावे. एकेक आगपेटी काढून-घालून, मग कागदाच्या घड्या सरकवून अंतर जमवावे. उजेड खिडकीचा, बाजूने आलेला घ्यावा. म्हणजे लव आणि उंचवटे उठून दिसतात. बटण दाबताना हादरा बसतो, म्हणून दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल अशी सोय लावावी. शेजारी मोजपट्टी अवश्य ठेवावी. मापाविना काढलेल्या चित्रात मुंगीही हत्ती होते.

आता माझीच फजिती सांगतो. एकदा एका पानावर केसासारख्या देठांवर उभे असलेले पांढुरके दाणे दिसले. मी मोठ्या अधिकाराने सांगितले, "ही किडीची अंडी; फवारा." घरी येऊन चित्र मोठे करून पाहिले, जाणत्यांना दाखविले. ती क्रायसोपाची अंडी निघाली! तिच्या अळ्या मावा खातात. म्हणजे शेतात फुकट राबणाऱ्या मजुरावरच मी विष ओतावयास सांगितले होते. दुसऱ्या दिवशी जाऊन चूक कबूल केली. पण त्या शेतात फवारणी होऊन गेली होती.

डेल्फ्ट गावचा लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते. स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून पाण्यातले जीव पाहून १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला ते कळविले. पाहण्याचा हक्क पदवीवर अवलंबून नाही, हे त्याने दाखविले. पण त्यानेही आपले पाहणे इतरांच्या तपासणीस खुले केले, हेही विसरू नये.

म्हणून एवढेच सांगणे. एक चित्र म्हणजे एक पान. सारे शेत नव्हे. शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली पाने पाहा, खालची बाजू पाहा, चित्र कृषी विद्यापीठाच्या जाणकारास दाखवा, आणि मग निर्णय घ्या. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत शिरते. तिथे पान पाहून भागत नाही, बोंड फोडूनच पाहावे लागते.

भिंग आपल्याला शहाणे करीत नाही. ते घाई तेवढी थांबविते. पंप पाठीवर घेणाऱ्याच्या दृष्टीने ते थोडे नव्हे.