पिल्लाची सवय, घराची वेळ

चंदगड हा कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, बेळगाव सीमेलगतचा तालुका. मृग लागला की येथे पाऊस दिवसचे दिवस उसंत देत नाही. अशा दिवसांत, पुढे दुकान आणि मागे घर असलेल्या कुटुंबात मुलांच्या हट्टापायी कुत्र्याचे पिल्लू आले, तर पहिले चार दिवस कौतुकाचे जातात. पाचव्या दिवशी बैठकीच्या सतरंजीवर ओल दिसते, आठव्या दिवशी देवघराच्या उंबऱ्याशी. मग आजींच्या सोवळ्याचा प्रश्न उभा राहतो आणि पिल्लाची रवानगी मागच्या पडवीत, आखूड दोरीला होते. पुष्कळांचे आयुष्य तेथेच ठरून जाते. काहींना गावाबाहेर नेऊन सोडले जाते. अन्नपाण्यावाचून हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात नसते.

वास्तविक पिल्लाचा यात अपराध कोणता? आठ आठवड्यांच्या पिल्लाचा मूत्राशय लहान आणि स्नायूंवरील ताबा अपुरा असतो. तो ताबा येऊ लागण्यास साधारण चार महिन्यांचे वय व्हावे लागते. पूर्ण भरवशासाठी सहा महिने, क्वचित अधिकही. वय जितके महिने, तितके तास आणि वर फार तर एक, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू कमाल तीन तास थांबू शकेल, आणि जागेपणी खेळताना तेवढेही नाही.

झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पाच ते तीस मिनिटांत, खेळ थांबताच आणि निजण्यापूर्वी त्याला ठरलेल्या जागी न्यावेच लागते. आठवडाभर या वेळा एका वहीत टिपल्या तर त्याचा क्रम आपोआप उलगडतो. रोजकीर्द लिहिणाऱ्या घराला हे जड जाऊ नये. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची आपली रीत येथे फार उपयोगी पडते. पिल्लाचे शेवटचे खाणेही त्याच वेळी दिले तर रात्री दहापर्यंत त्याचे पोट मोकळे होते. पाणी मात्र तोडू नये. चौविहार माणसाने स्वेच्छेने घ्यावयाचा असतो. तो मुक्या जीवावर लादण्याची गोष्ट नव्हे.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पिल्लाला सवय लावण्याच्या नावाखाली घरोघरी जे चालते ते या यादीशी ताडून पाहावे. दिवसभर बांधून ठेवणे हा बंध, वर्तमानपत्राची सुरळी करून मारणे हा वध आणि सतरंजी ओली होऊ नये म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणे हा अन्नपाननिरोध. पाचांपैकी तीन तर एका पंधरवड्यातच घडतात. शिवाय त्यांचा उपयोगही होत नाही. झाल्या जागी नाक घासले किंवा मागाहून रागे भरले, तर पिल्लाला घडलेली चूक आणि शिक्षा यांचा संबंध लागत नाही. ते एवढेच शिकते की माणसांदेखत हा विधी करू नये. मग ते धान्याच्या पोत्यांमागे जाऊन करू लागते.

शाबासकीचा परिणाम उलट होतो, पण ती योग्य जागी, विधी आटोपताच, दोन क्षणांच्या आत मिळाली पाहिजे. सोबत पनीराचा चिमटीएवढा तुकडा पुरतो. वाणसामानाच्या दुकानात हाताशी असलेली मनुका मात्र कधीही देऊ नये. ती कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरते.

जागेचा प्रश्न पावसाळ्यात खरा कठीण. लसीकरण पुरे होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, जेथे भटकी कुत्री फिरतात तेथे पिल्लाला नेऊ नये; पार्वो रोगाचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतात. गोदामात उंदीर असतील तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचेही भय असते, आणि तो माणसालाही होतो. म्हणून या रोगांच्या लसींविषयी पशुवैद्यांना आरंभीच विचारावे; रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर टोचतात.

चातुर्मासात हिरवळ तुडविणेही आपल्या घरांना रुचत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे पडवीच्या टोकाला, पत्र्याखाली, कोरड्या वाळूचे एक पसरट खोके. मुनींच्या पाच समितींमध्ये उत्सर्ग समिती आहे. मलमूत्र नीट पाहून, प्रासुक जागीच विसर्जित करावे, असा तिचा आशय. पिल्लाच्या बाबतीत ही सावधगिरी गृहस्थालाच बाळगावी लागेल आणि घाण तत्काळ उचलावी लागेल. एकदा ही सवय पक्की झाली की पाऊस ओसरल्यावर खोके रोज थोडे थोडे सरकवीत अंगणात न्यावे.

घरात झालेली जागा केवळ फिनेल ओतून स्वच्छ होत नाही. माणसाला सुवास येतो. पण कुत्र्याच्या तीक्ष्ण नाकाला त्याखालचा जुना वास कळतो आणि ते पुन्हा तेथेच येते. एन्झाइमयुक्त धुण्याची पावडर पाण्यात विरघळवून जागा पुसावी, साध्या पाण्याने धुवावी आणि ती सुकेपर्यंत पिल्लाला तेथे फिरकू देऊ नये. सतरंजी तर दोन महिने गुंडाळून माळ्यावर ठेवलेलीच बरी.

एवढे करूनही आठ दिवस सुरळीत गेल्यावर अचानक देवघरासमोर पुन्हा ओल दिसेल. विजांचा कडकडाट, पाहुण्यांची वर्दळ, मालाची गाडी आल्याने चुकलेली वेळ, कारण काहीही असो. वहीत त्या दिवसाची नोंद करावी आणि दुसऱ्या दिवसापासून मागचाच क्रम चालू ठेवावा. मात्र रात्री दीडचा गजर लावून पावसात पडवीपर्यंत कोणी जायचे, मुलांनी की त्यांच्या वडिलांनी, हे पिल्लू घरी आणण्यापूर्वीच ठरवावे.