हातचा नसलेला गुणाकार

12345678987654321. एकपासून पायरी पायरीने नऊपर्यंत चढायचे आणि आलो तसेच खाली उतरायचे. कोणी म्हणेल, यात काय, असे अंक कोणीही ओळीने मांडील. पण 111111111 ला त्याच संख्येने गुणले की ही 17 अंकी संख्या आपोआप उत्तरात उभी राहते.

घरातल्या मुलांना हा गुणाकार कागदावरच करायला द्यावा, असे मी सुचवीन. संगणकावरचा हिशेबाचा तक्ता पहिले 15 अंकच धरतो आणि शेवटच्या 21 च्या जागी दोन शून्ये ठेवून मोकळा होतो. कागदावर एकाखाली एक नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. बेरीज करताना उजवीकडून पहिल्या घरात 1, दुसऱ्यात 2, मधल्यात 9. हातचा कुठेच येत नाही, सारे मर्म तिथेच आहे. दहावा एक वाढवा, मधल्या घरात 10 होतात, हातचा येतो आणि डोंगराचा माथा ढासळतो: 1234567900987654321.

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म 1905 चा, डहाणूचा. 1930 ते 1962 देवळालीला शाळामास्तर. ही कल्पना त्यांना जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनावर सुचली, त्याचेच नाव त्यांनी संख्यांना दिले. खूण अशी, की दोन्ही टोकांची बेरीज करावी आणि मधलाच अंक ओळीने मिळावा. 12345678 मध्ये 87654321 मिळवा, सगळे नऊच!

कापरेकरांची दुसरी आवडती जात 'हर्षद' संख्यांची, म्हणजे आपल्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भागल्या जाणाऱ्या. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज 81. भागून पाहा, भाग जातो, आणि भागाकार येतो 12345679 चा वर्ग. या संख्येत 8 तेवढा गैरहजर आहे.

त्या काळी आपल्याकडच्या बऱ्याच विद्वानांनी याला पोरखेळ म्हणून नाक मुरडले. आक्षेप अगदीच खोटा नव्हे. आपल्याला आठच बोटे असती आणि आपण आठाच्या पटीत मोजत असतो, तर हा डोंगर 7 वरच थांबला असता. पण त्याच संख्येचे 3, 37 आणि 333667 हे मूळ अवयव कोणत्याही लिपीत, कोणत्याही पद्धतीत लिहा, बदलत नाहीत. अंकांच्या गमतीतून मूल 'असे का?' विचारू लागले, की ते या अवयवांपाशीच येऊन पोहोचते. मला तरी यात कमीपणा दिसत नाही. मार्टिन गार्डनर यांनी 1975 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा मास्तरांना निवृत्त होऊन 13 वर्षे झाली होती.

हुरूप असेल त्यांनी आता 333333333 चा वर्ग करावा. तिथे हातचे भरपूर येतात, तरी उत्तराची शिस्त बिघडत नाही.