महामार्गावर उघडणारं फाटक: परवानगी कुणाची, पाणी कुणाच्या दारात?

रस्त्याला लागून जागा असली की तिथून थेट रस्त्यावर गाडी काढायचा हक्क मिळतो, असं घाटंजीत काय नि यवतमाळात काय, बहुतेकांना वाटतं. जिनिंग, पेट्रोल पंप, धाबा, मंगल कार्यालय, काहीही असो. मालक नालीत मुरूम टाकतो, वर दोन ट्रॉल्या गिट्टी, की झालं फाटक तयार. कायदा मात्र याला हक्क मानत नाही. ती अटींवर मिळणारी परवानगी आहे.

राष्ट्रीय महामार्गांसाठी 2002 चा जमीन व वाहतूक नियंत्रण कायदा आहे. पांढरकवड्याहून जाणारा 44 आणि यवतमाळहून जाणारा 361 हे त्यात येतात. कलम 28 सांगतं की वाहनाने, किंवा पाच वा अधिक जणांच्या गटाने पायी, महामार्गावर यायला परवानगी लागते. ती सरसकट किंवा स्वतंत्र असू शकते. (मिरवणुका काढणाऱ्या आपल्या मंडळांनी हे कलम एकदा वाचावंच.) महामार्ग म्हणून अधिसूचित झालेल्या राज्याच्या रस्त्यांना 1955 चा महाराष्ट्र महामार्ग कायदा लागतो. तिथेही रस्त्याची हद्द आणि इमारत रेषा यांच्यामध्ये नवा प्रवेशमार्ग काढायचा तर महामार्ग प्राधिकाऱ्याची आधी परवानगी हवी.

अटी कशासाठी असतात? भरधाव रस्त्यावर ट्रक वळायला हळू झाला की मागची मोटारसायकल त्याच्यावर आदळते. म्हणून राष्ट्रीय महामार्गावरच्या पंपाला आत वळण्यासाठी 70 मीटरची आणि बाहेर पडून वेग घेण्यासाठी 100 मीटरची वेगळी पट्टी ठेवायची, असं निकष सांगतात. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या 26 जून 2020 च्या मार्गदर्शक सूचना पंपांबरोबर इतर खासगी मालमत्तांच्या प्रवेशमार्गांनाही लागू आहेत. आपल्यातल्या एखाद्याला अनुसूचित जातीच्या राखीव कोट्यातून पंप मिळत असेल, तर जागेचा करार करण्याआधी प्रवेशमार्ग मंजूर होईल का, हे तपासायलाच हवं. जागा घेतल्यावर परवानगी अडकली तर पैसा तिथेच बुडतो.

पण आम्हाला जास्त बोलायचंय ते नालीबद्दल. प्रवेशमार्गाखाली मोरी टाकून रस्त्याचं पाणी वाहतं ठेवणं ही मालकाची जबाबदारी असते. मोरीऐवजी मुरूम पडला की पाणी अडतं आणि उताराकडे वळतं. गावाच्या खालच्या अंगाला वस्ती कुणाची असते, हे वेगळं सांगायला नको. फायदा फाटकवाल्याचा, चिखल बौद्धवाड्यात. वर अतिक्रमण हटाव मोहीम आली की आधी उचलला जातो चहाचा ठेला. नगर परिषदेच्या हद्दीतल्या फेरीवाल्याला 2014 च्या पथविक्रेता कायद्याचं संरक्षण आहे, तरी त्याच्याकडेच कागद मागतात. बुजलेल्या नालीवरच्या फाटकाला कुणी कागद विचारत नाही.

तो आपण विचारू शकतो. संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये विहिरी, तलावांबरोबर रस्त्यांचाही उल्लेख आहे. 1927 ला महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी सार्वजनिक जागेचाच प्रश्न उभा केला होता.

आधी रस्ता कुणाचा ते शोधा: राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद की नगर परिषद. मग त्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. प्रवेशमार्गाच्या परवानगीची प्रत, मंजूर नकाशा, मोरीचं माप आणि परवानगीची मुदत मागा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. 'अभिलेख उपलब्ध नाही' असं लेखी उत्तर आलं तरी फाइलला लावून ठेवा. परवानगीचा कागद दाखवायची जबाबदारी मग फाटकवाल्यावर येते. ते उत्तर, बुजलेल्या नालीचे तारखेसह फोटो आणि वस्तीतल्या लोकांच्या सह्या जोडून कार्यकारी अभियंत्याकडे तक्रार द्या आणि पोच घ्या. हे सगळं पावसाळ्याआधी, मे महिन्यात करा. जूनमध्ये पाणी घरात शिरल्यावर पंचनामा होतो, मोरी होत नाही.