कासची फुले आणि गावांचा हिशेब

भाद्रपदात साताऱ्याहून पश्चिमेकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर मोटारींची रांग लागते. शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवरचे, समुद्रसपाटीपासून १२०० मीटर उंचीचे कासचे पठार त्या सुमारास फुललेले असते, आणि पुण्यामुंबईचा मध्यमवर्ग रविवार साधून ते पाहावयास निघालेला असतो. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कोयना, चांदोली व राधानगरी यांच्या जोडीने कासचा समावेश झाला. सातारकरांना याचा अभिमान वाटणे स्वाभाविक होते. परंतु असा दर्जा ही एक प्रकारची जाहिरातच असते. जाहिरातीने मागणी वाढते. पुरवठा मात्र येथे निसर्गाने कायमचा ठरवून टाकलेला आहे.

हा पुरवठा किती तुटपुंज्या भांडवलावर उभा आहे, हे पठारावर पाऊल ठेवल्यावाचून उमगत नाही. खाली जांभ्याचा सलग कातळ, त्यावर मातीचा अगदी पातळ थर. पावसाळ्यात ही माती पाण्याने तुडुंब होते आणि दिवाळीनंतर करपून जाते. सीतेची आसवं आणि दवबिंदू या इवल्याशा वनस्पती कीटकभक्षी आहेत, कारण मातीत त्यांना पुरेसे नत्र मिळत नाही. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. वायतुऱ्याच्या एका जातीला तर शास्त्रज्ञांनी १९८२ साली साताऱ्याचेच नाव दिले. अशा जमिनीवर छायाचित्रासाठी बसकण मारणाऱ्या दहा माणसांनी जे तुडविले, ते पुढच्या वर्षी उगवेलच असे नाही. उसाच्या फडाचे नुकसान दुसऱ्या हंगामात भरून काढता येते. येथे तशी सोय नाही.

सामाईक मालमत्ता अनिर्बंध वापराने नष्ट होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले. त्यावर सरकारी मालकी किंवा खासगी मालकी हेच दोन उपाय आहेत, असे दीर्घकाळ मानले गेले. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तिसरा मार्ग दाखविला: वापरणारी माणसेच नियम करू शकतात आणि पाळवूही शकतात. कासला वनखात्याने संयुक्त वनव्यवस्थापनाच्या चौकटीत कास, एकीव, आटाळी, कासाणी आदी गावांच्या समित्यांकडे हंगामाची व्यवस्था सोपविली, ती याच दिशेची. प्रवेशशुल्क, दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी, गाड्या दूर थांबविण्याची सोय, गावातीलच तरुण राखणदार व मार्गदर्शक, अशी ही घडी आहे. जावळी-पाटणच्या डोंगराळ पट्ट्यातील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी कामाला जात आले. त्या पट्ट्यात सहा-आठ आठवड्यांची का होईना, गावच्या गावात मिळकत होणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

तरीही या घडीत एक मूलभूत गोंधळ आहे. शुल्क गर्दी आवरण्यासाठी आहे की उत्पन्नासाठी? ज्या संस्थेचे उत्पन्न माणशी आकारणीवर अवलंबून असते, तिच्याकडूनच माणसे परत पाठविण्याची अपेक्षा बाळगणे म्हणजे दुकानदाराकडून गिऱ्हाईक हाकलण्याची अपेक्षा बाळगणे होय. शिवाय मोटारीने येणाऱ्या कुटुंबाला शेकड्याच्या घरातले शुल्क जड नाही. पेट्रोलचा खर्चच त्याहून मोठा. ते जड जाते ते एस. टी.ने येणाऱ्या, वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला. म्हणजे ज्याच्यामुळे गर्दी होते तो येतच राहतो, आणि ज्याने यावे तो घरी बसतो. सुटीच्या दिवशी भरभक्कम शुल्क, इतर दिवशी विद्यार्थ्यांना नाममात्र, आणि आकारणी माणसापेक्षा वाहनावर अधिक, अशी रचना केल्यास हा विपर्यास बराच कमी होईल.

दुसरा प्रश्न चराईचा. पठाराला संरक्षण मिळाले, कुंपण आले आणि गुरांना मज्जाव झाला. पुढे अनेक जाणकार म्हणू लागले की गुरे गेल्याने उंच गवत माजले, आणि त्याखाली खुरटी फुलझाडे दबली. कुंपण काढण्यातही आले. ज्या गुराख्याला फुलांचा शत्रू ठरविले, तोच नकळत त्यांची निगा राखीत असावा, हा संशय आता टाळता येणार नाही. मग त्याच्या चाऱ्याची भरपाई समितीच्या कोणत्या रकान्यात जाते? तिकिटाची मिळकत दिसते, तशी बंद झालेल्या चराईची किंमत दिसत नाही. जी दिसत नाही ती हिशेबातून सहज गळते.

रस्त्यालगतच्या उपाहारगृहांची व निवासगृहांची गोष्ट तर निराळीच. त्यांतील अनेक बांधकामांच्या परवानग्यांवरून वाद झाले. पठाराच्या नावावर चालणाऱ्या या धंद्याचा मोठा नफा पठाराच्या गावांत उतरतोच असे नाही. सांडपाणी मात्र येथेच उतरते. कासच्या तलावाचे पाणी सातारा शहर पिते, हे येथे आठवावे! रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले पाहण्यासाठी माणसे येतात, तेव्हा ती गावकऱ्यांच्या घरी उतरतात आणि त्यांच्याच चुलीवरचे जेवतात. खोल्या जितक्या, तितकाच पाहुणा. पैसाही त्याच दारी राहतो. अर्थात वेळासचा किनारा एका रात्रीचा मुक्काम मागतो, आणि पुण्याहून कासला आलेला पर्यटक सायंकाळी परततो, हा फरक आहेच. परंतु एकीव-आटाळीच्या घरांत एक रात्र काढणाऱ्याला नोंदणीत प्राधान्य देण्यास कोणती अडचण आहे? समित्यांनी पुढील हंगामापूर्वी एवढे करून पाहावे. त्याबरोबरच जमाखर्चाचा तक्ता, चराईच्या भरपाईच्या रकान्यासह, प्रत्येक गावच्या चावडीवर लावावा.